मागच्या गाडीचा जबाब

प्रवासाला निघणाऱ्या माणसाने वडीलधाऱ्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, फार काय, अंगणातल्या वृक्षवेलींनाही विचारून निघावे, असा आपल्याकडे जुना संकेत आहे. संस्कृतात याला आपृच्छा म्हणतात. विचारणाऱ्याचे जाणे ठरलेलेच असते. शेला खांद्यावर आलेला असतो, गाठोडे बांधून झालेले असते. तरीही तो उंबऱ्यापाशी क्षणभर थांबतो आणि समोरच्याच्या तोंडून ‘बरे, या’ एवढे शब्द निघेपर्यंत पाऊल उचलत नाही. आपल्या जाण्याने ज्यांच्या दिवसात काही फरक पडणार आहे त्यांना तो आधी कळावा, आणि त्यांना तो कळला हे आपल्यालाही कळावे, एवढीच त्या थांबण्यामागची भावना. आचारांच्या मोठ्या पसाऱ्यात हा आचार फार लहान. पण तो व्रतासारखा पाळणारा एक मनुष्य मी पाहिला आहे. पनवेलहून उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर जाणारी एक जुनाट मोटार तो चालवीत असे. त्याचे नाव बळीराम.

बळीराम पनवेलजवळच्या करंजाड्याचा. त्याच्या वडिलांच्या, काशीरामांच्या, मिठाच्या गाड्या होत्या. मिठागरातून भरलेल्या बैलगाड्या एकामागे एक अशा पनवेलच्या बाजारी येत, तेव्हा त्या रांगेचा एक नियम असे. सर्वांत पुढचा गाडीवान फाटा जवळ आला की चाबकाची काठी वळायच्या अंगाला आडवी धरी आणि ओरडे, ‘‘वळतंय रं!’’ ती हाळी दुसरा गाडीवान तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला पोचवी. शेवटच्या गाडीवरून ‘‘वळ रं!’’ असा जबाब उलट फिरत पुढे येई, आणि तो कानी पडल्यावरच पहिले जू वळे. जबाब द्यायचा तो ज्याच्या हाती कासरा असेल त्यानेच. गाडीत बसलेल्या पाहुण्याचा जबाब ग्राह्य नसे.

एका हिवाळ्यातल्या धुक्याच्या पहाटे काशीरामांनी हाळी दिली आणि जबाबाची वाट न पाहता बैल वळवले. मागचा गाडीवान पेंगत होता. त्याची गाडी तशीच पुढे आली आणि तिची दांडी काशीरामांच्या पवळ्या नावाच्या बैलावर आदळली. पवळ्याचा पाय मोडला. तो बैल पुन्हा जुवाखाली गेला नाही. काशीरामांनी त्याला दारात बसवून मरेपर्यंत चारा घातला. येणारेजाणारे पेंगणाऱ्या गाडीवानाला दोष देत, तेव्हा काशीराम मान हलवीत आणि म्हणत, ‘‘त्यानं जबाब दिला नव्हता. मी का वळलो?’’ बळीरामने हे वाक्य लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले होते की ते त्याच्या स्वभावात मुरून गेले.

पुढे मिठाच्या गाड्या कमी झाल्या, रस्त्यावर लॉऱ्या आल्या, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बळीराम एका मोटारमालकाकडे चालक म्हणून लागला. बैल सुटले, पण हाळी सुटली नाही. वळण आले की तो उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सरळ बाहेर काढी आणि त्याच जुन्या सुरात ओरडे, ‘‘वळतंय रं!’’ मग थांबे. मागच्या मोटारीतून जबाब कुठला यायला? मागच्यांना वाटे, याची मोटार बंद पडली. ते भोंगे वाजवीत. बळीराम आरशातून मागे पाहत बसून राही.

या अडचणीतून वाट काढली ती सखूबाईने. सखूबाई मोऱ्याची कोळीण. पनवेलच्या बाजारात मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन ती याच मोटारीने परत जाई, आणि पाट्यांच्या वासामुळे तिची जागा सर्वांत मागच्या बाकावर ठरलेली असे. धक्क्यावरची लाँच भरतीच्या वेळेवर सुटे. तिच्या सुनेला त्याच पाट्या भरून त्या लाँचने मुंबईला मासळी न्यायची असे. एके दिवशी बळीराम असाच थांबून राहिला, तेव्हा तिने मागच्या खिडकीतून बाहेर डोके काढले, रस्ता पाहिला आणि आत ओरडली, ‘‘मागं कुनी नाय रे, वळ तू! का मुंबईवरून जबाब येनार हाय?’’ मोटार हसली. बळीरामही हसला आणि वळला. सखूबाई त्याच्याच गाडीत बसलेली, तेव्हा ते त्याचेच पाठीमागचे डोळे, असा त्याने आपल्या मनाशी निवाडा केला. तेव्हापासून मागच्या बाकावर जो बसेल त्याने मागे पाहून जबाब द्यायचा, हा त्या मोटारीचा धर्म झाला. मी उरणच्या शाळेत शिकवायला आठवड्यातून दोनदा याच मोटारीने जात असे. कधी मागे बसण्याची पाळी आली तर मीही खिडकीतून मान बाहेर काढून ‘वळ रे’ म्हटले आहे, आणि ते म्हणताना उगीचच थोडे मोठे झाल्यासारखे वाटले आहे.

पनवेल गावाबाहेर एक पूल होता. पुलाच्या अलीकडे उरणची वाट उजव्या हाताला फुटे. पुलाची एक बाजू खचली आणि दुरुस्ती सुरू झाली, तेव्हा एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडाव्या लागत. त्यासाठी फाट्यावर एक खांब रोवून त्यावर तांबड्या आणि हिरव्या काचेचा कंदील चढवला होता. दादू नावाचा मनुष्य खाली बसून दोरीने तो फिरवी. पलीकडच्या टोकाला त्याचा जोडीदार तसाच कंदील फिरवी. दिवसा निशाणे, दिवे लागल्यापासून कंदील. दुरुस्ती रेंगाळली, तसा कंदीलही वर्षानुवर्षे तिथेच राहिला, आणि पनवेलच्या चालकांना माणसासारखे थांबण्याची सवय लागली.

वळण्याची मात्र लागली नाही. बळीरामचे सगळे वैताग या कंदिलाखाली गोळा झाले होते. टांगेवाले चाबूक दोन्ही अंगांना फिरवीत, तो माश्या हाकलण्यासाठी की वळण्यासाठी हे घोड्यालाही उमगत नसे. एक वकील आपली छोटी मोटार घेऊन येत आणि पुलावर जायचे की उरणला हे हिरवा कंदील लागल्यावर ठरवीत. तोवर त्यांची मोटार दोन्ही वाटांच्या मधोमध उभी असे. आणि भाताच्या गिरणीची लॉरी चालवणारा विठू हा तर बळीरामच्या दृष्टीने कलियुगाचा सगुण अवतार होता. विठूचा हात सदैव खिडकीबाहेर असे. पण तो बिडीची राख झाडण्यासाठी, पानाची पिंक टाकल्यावर ओठ पुसण्यासाठी, ओळखीचे कुणी दिसले तर रामराम करण्यासाठी. वळताना तेवढा तो आत जाई, कारण चाक फिरवायला दोन्ही हात लागत. हिरवा कंदील दिसला रे दिसला की पुढच्या गाडीच्या उजव्या अंगाने लॉरी घुसवून पुढे जायचे, ही त्याची दुसरी खोड.

बळीराम हे सारे सोसत असे, पण मुक्याने नव्हे. तो चाकाशी बोले. ‘‘बघ, बघ, हात काढलान. आता वळंल. वळला? नाय वळला. हात गरम झाला हुता, वारा घालत हुता.’’ पहिल्या बाकांवरचे उतारू या भाष्यासाठीच पुढे बसत, असे मला कधी कधी वाटे.

फाट्यावर चहाची एक टपरी होती. तिथे एकदा या दोघांचे सर्वांदेखत वाजले. बळीरामने विठूला सरळ विचारले, की मागे लॉरी असताना मी हाळी देतो, तेव्हा तू जबाब का देत नाहीस. विठूने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, ‘‘मी कं बैल हाय, हाळीला हंबरायला?’’

‘‘बैल हंबरत नाय रे,’’ बळीराम म्हणाला. ‘‘जबाब गाडीवान देतो.’’

टपरीवरची माणसे हसली, आणि विठूच्या ते फार जिव्हारी लागले. तो गिरणीच्या लॉरीचा चालक. त्याला खाकी टोपी होती. त्याने भर टपरीत सांगून टाकले, की जन्मात या फाट्यावर मी कुणाच्या हाळीला जबाब देणार नाही. अशा प्रतिज्ञा चहाबरोबर केल्या जातात, पण पुष्कळदा चहापेक्षा अधिक टिकतात. विठूची कित्येक वर्षे टिकली. दोघांत वैर असे नव्हते. एकमेकांची चिखलात रुतलेली चाके काढायला दोघेही मदतीला धावत. फक्त त्या फाट्यावर बळीराम ओरडे आणि विठू गप्प बसे.

मग बळीरामच्या मुलीचे, गोदूचे, लग्न ठरले. ही त्याची एकुलती मुलगी. मुलगा उरणजवळच्या एका गावचा, मिठागरांत काम करणाऱ्या घरातला. लग्न मुलाच्या मांडवात, आणि मुहूर्त दिवेलागणीनंतर दीडेक तासाने. भटजींनी बजावून सांगितले होते, की हा चुकला तर पुढे महिनाभर दुसरा नाही. मोटारमालकाने मोटार दिली, ती बळीराम स्वतः चालवणार होता. तीत नवरी, तिची आई आणि गावातल्या बायका. गिरणीवाल्यांनी लॉरी दिली. तीत पुरुषमंडळी आणि रुखवत. लॉरी म्हणजे अर्थातच विठू. सखूबाईला लग्नाचे बोलावणे होते आणि मलाही. मोटारीत जागा उरली नव्हती, म्हणून वयाचा मान ठेवून आम्हा दोघांना लॉरीत विठूच्या शेजारी बसवले. निघताना बळीरामने विठूला एवढेच सांगितले, की माझ्या मागे राहा. विठू म्हणाला, ‘‘ऱ्हातो की. नवरीचा बाप तू हायस.’’

करंजाड्याहून निघायलाच उशीर झाला. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन पार पाडते. या लग्नाची धवलारीण गुणाबाई. वयाने साठीच्या पुढची, आवाज मात्र पितळी घंटेसारखा. तिचा एक दंडक होता: नवरी घेऊन निघताना जो धवला धरायचा, तो नवऱ्या मुलाच्या गावची वेस दिसेपर्यंत मध्ये तोडायचा नाही. ती एक ओळ गाई, बायका ती उचलीत, आणि त्या उचलीत असताना ती श्वास घेई. मध्ये दुसरा शब्द नाही. तिने धवला धरला आणि मोटार हलली. बसायला ऐसपैस जागा म्हणून तिला कुठे बसवले होते? मागच्या बाकावर.

फाट्यावर पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता आणि दादूने निशाण उतरवून कंदील चढवला होता. कंदील तांबडा. मोटार सर्वांत पुढे, तिच्यामागे आमची लॉरी, आमच्यामागे दोन टांगे, एक बैलगाडी आणि वकिलांची छोटी मोटार. पुलावरून येणाऱ्या गाड्या संपल्या. दादूने दोरी ओढली. कंदील हिरवा झाला.

बळीरामचा हात बाहेर आला. ‘‘वळतंय रं!’’

मोटारीतून उत्तरादाखल धवल्याची पुढची ओळ आली. गुणाबाई गात होती, बायका उचलीत होत्या. त्या सगळ्या बळीरामला ओळखत होत्या, मोटारीचा धर्मही जाणत होत्या. पण नवरीवरचा धवला तोडायचा कुणी? बळीरामने पुन्हा हाळी दिली. धवला चालूच. हात बाहेर तसाच सरळ, आणि मोटार जागच्या जागी.

‘‘मोटार बिघडली वाटतं,’’ विठू म्हणाला, आणि सवयीने लॉरीचे नाक उजवीकडे काढू लागला. मोटारीच्या उजव्या अंगाने पुढे होऊन काय ते पाहावे, असा त्याचा हेतू असावा. तेवढ्यात पुढच्या मोटारीच्या आरशात बळीरामचा चेहरा दिसला. तो मागे, आमच्याकडेच पाहत होता. विठूने लॉरी थांबवली. मागून टांगेवाले ओरडू लागले, वकिलांनी भोंगा दाबून धरला. पलीकडच्या बाजूला गाड्या जमल्या होत्या. दादूने नाइलाजाने दोरी सोडली. कंदील पुन्हा तांबडा झाला, आणि पुलावरून येणाऱ्या गाड्या आमच्या उजव्या अंगाने धूळ उडवीत जाऊ लागल्या. त्यांतली पहिली लॉरी जिथून गेली, तिथे थोड्या वेळापूर्वी विठूने आपले नाक काढले होते. विठूने ते पाहिले.

मोटारीत गोदूची आई पुढच्या बाकावर नवरीला घेऊन बसली होती. मुहूर्त जाईल, आता तरी पुढच्या वेळी न थांबता वळा, असे ती नवऱ्याला विनवीत होती, हे मला नंतर कळले. बळीराम म्हणाला, की मागून जबाब आला नाही. ती म्हणाली, की आज पोरीचे लग्न आहे. त्यावर त्याने पुन्हा आरशातून मागे पाहिले. वडिलांचा नियम एकीकडे आणि मुलीचा मुहूर्त दुसरीकडे, आणि दोन्ही त्याच्याच अंगणातले. तेव्हा मुंडावळ्या बांधलेली गोदू, जिने दिवसभर मान वर केली नव्हती, ती खालच्या मानेनेच हळू बोलली, ‘‘थांब बा. जबाब येल.’’

लॉरीत सखूबाई मोठ्याने सुस्कारे टाकीत होती. अखेर ती विठूकडे वळली.

‘‘विठू, त्याला कं पायजे तुला ठाव हाय.’’

‘‘तूच दे की आवाज. तुजा गला काय कमी हाय?’’

‘‘माजा चालायचा नाय. मी तुज्या गाडीत पावनी हाय. चाक तुज्या हातात.’’

‘‘मी सांगितलंय समद्यांना—’’

‘‘सांगितलंस ते टपरीला सांगितलंस,’’ सखूबाई म्हणाली. ‘‘टपरीचं लगीन नाय आज.’’

विठूने बिडी काढली, पेटवली नाही, परत कानावर ठेवली. पुलावरच्या गाड्या सरल्या. दादूने या वेळी दोरी ओढण्याआधी उभे राहून बळीरामकडे हात जोडले. कंदील हिरवा झाला.

‘‘वळतंय रं!’’

धवल्याची ओळ संपली होती, बायका ती उचलणार होत्या. त्या मधल्या निमिषात विठूने खिडकीबाहेर अर्धे अंग काढले, डोक्यावरची खाकी टोपी हातात घेतली आणि लॉरीच्या दारावर थाप मारून ओरडला, ‘‘वळ रं बळीराम! मागं मी हाय!’’

मोटार वळली. तिच्यामागे लॉरी वळली, आणि वळण्यापूर्वी विठूचा हात बाहेर गेला. त्या हातात बिडी नव्हती. मागच्या टांगेवाल्याने, चेष्टेने म्हणा की त्या क्षणाचा प्रभाव म्हणून म्हणा, ‘‘वळ बाबा, वळ!’’ असा जबाब दिला. सखूबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, की या रस्त्याला धूळच फार.

वेस दिसली, धवला संपला, आणि मांडवात शिरलो तेव्हा घटिकापात्र भरत आले होते. अंतरपाट धरण्यापुरता वेळ उरला होता, आणि तेवढाच पुरला. उशीर का झाला, असे व्याह्यांनी विचारले. बळीरामने ओशाळून सांगितले, की फाट्यावर मागून जबाब आला नव्हता. व्याही स्वतः मिठाच्या गाड्यांवर वाढलेले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘‘मंग जबाब आल्याबिगर कसं वळनार?’’ आणि पाहुण्यांना पाट मांडायला सांगितले. पंगतीत बळीराम आणि विठू शेजारी बसले होते. विठूने त्याच्या पानावर दोनदा आग्रहाने भात वाढायला लावला.

त्या दिवसानंतर विठूची प्रतिज्ञा संपली, आणि नव्याने धर्मांतर केलेला मनुष्य जसा मूळच्यापेक्षा कडक असतो, तसा तो झाला. वळण्याआधी हात, हाळी, आणि मागून जबाब आला नाही तर खाली उतरून मागच्याची हजेरी. टांगेवाल्यांना त्याने वठणीवर आणले. वकिलांना मात्र शेवटपर्यंत आणता आले नाही. ते फाट्यावर विचार करीतच राहिले. बळीरामचे चाकाशी बोलणे बरेच कमी झाले, आणि पुढच्या बाकांवरच्या उतारूंची त्यामुळे थोडी निराशा झाली. चहाच्या टपरीवर तो आता विठूच्या बाकावर बसे. ‘‘सुखी हाय,’’ असे तो कुणीही न विचारता सांगे, आणि त्याच्याकडे पाहिल्यावर ते खोटे वाटत नसे.

पुढे पूल नवा बांधला गेला. दादूचा कंदील उतरला. मोऱ्याची ती मोटार मोडीत निघाली, सखूबाई म्हातारी होऊन घरी बसली, आणि बळीराम साध्याशा तापाने, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, करंजाड्याच्या आपल्या घरी गेला. शेवटच्या दिवशी गोदू उशाशी होती. जाण्यापूर्वी त्याने तिच्याकडे पाहिले आणि तिने मान हलवली, एवढे तिने मला सांगितले; अधिक मी विचारले नाही.

त्याच्यामागे घर राहिले, मुलगी राहिली, आणि उरणच्या फाट्यावर एक सवय राहिली: तिथे वळणारा लॉरीवाला हात बाहेर काढतो, आणि मागचा आपल्या दारावर एक थाप मारतो.